धुंडाळलेले शेत पुन्हा धुंडाळताना

मार्च २०२५ च्या प्रारंभी मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगड किल्ल्याच्या परिसरातील शेतांतून रात्रीच्या वेळी विजेऱ्यांचे झोत फिरू लागले. एका ऐतिहासिक चित्रपटात बुऱ्हाणपूरच्या मोगलकालीन संपत्तीचा प्रसंग आला होता; त्यातच रस्त्याच्या कामासाठी खणलेल्या मातीत नाणी मिळाल्याची वदंता पसरली. फावडी, चाळण्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन माणसे शेतात उतरली आणि खड्डे पाडीत सुटली. अखेर प्रशासनाला त्यात लक्ष घालावे लागले. बुऱ्हाणपूर आपल्या जळगाव जिल्ह्याला लागूनच आहे. त्यामुळे ही बातमी आपल्याकडे पुष्कळांनी वाचली आणि बहुतेकांनी हसून सोडून दिली.

तथापि या बातमीच्या मागे एक प्रश्न आहे व तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जी जागा एकदा शोधून झाली, तेथे पुन्हा काही मिळते काय? लोभी माणूस 'मिळते' असे समजून रात्री पुन्हा येतो. उलट अनेक सुबुद्ध माणसे, त्यांत आपण शासकीय सेवकही आलो, 'तेथे आता काय उरले आहे' असे म्हणून मोकळे होतो. गावालगतच्या पांढरीच्या टेकाडावर पूर्वी कोणी संशोधक येऊन खापरे वेचून गेला असेल, एखादा खड्डा घेऊन गेला असेल, तर त्या टेकाडाचे काम संपले असे गृहीत धरले जाते. मग धाब्यासाठी माती नेण्यास, शेतात पसरण्यासाठी गाड्या भरण्यास, पुढे सपाटीकरणास आणि इमारतीच्या पायास कोणाचीच हरकत उरत नाही. या समजुतीत तथ्य किती, हे पाहण्यासाठी जेथे धातुशोधक यंत्राचा वापर फार मोठ्या प्रमाणावर होतो आणि त्याच्या नोंदीही ठेवल्या जातात, अशा देशांतील, मुख्यतः इंग्लंडमधील, अनुभव उपयोगी पडतो.

यंत्राला काय कळते आणि काय कळत नाही

धातुशोधक यंत्राचे तत्त्व कठीण नाही. तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह सोडला की त्याच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. हे क्षेत्र जमिनीतील धातूच्या वस्तूपर्यंत पोहोचले म्हणजे त्या वस्तूत भोवऱ्यासारखे फिरणारे सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात, आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षेत्र यंत्राला परत जाणवते. ते जाणवले की यंत्र आवाज करते.

या यंत्राच्या इतिहासातील पहिलाच गाजलेला प्रयोग फसला होता, हे येथे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी आपले यंत्र आणले. परंतु पलंगाच्या गादीतील पोलादी स्प्रिंगांनी यंत्र गोंधळले. शिवाय गोळी उजव्या बाजूस आहे असा उपचार करणाऱ्या मुख्य डॉक्टरांचा ठाम ग्रह असल्यामुळे तीच बाजू तपासू देण्यात आली. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरात अध्यक्षांचे निधन झाले. जागा तपासली, पण यंत्र नीट चालत नव्हते. आणि जी बाजू तपासावयास हवी होती तेथे ते फिरलेच नाही. 'शोधून झालेल्या' अनेक शेतांची कथा याहून वेगळी नसते.

पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी योझेफ कोसात्स्की यांनी तयार केलेले भूसुरुंगशोधक यंत्र १९४२ साली एल् अलामेनच्या रणभूमीवर वापरले गेले. युद्ध संपल्यावर अशी यंत्रे शिल्लक मालात स्वस्तात विकली गेली आणि तेथून हा छंद नागरी जीवनात शिरला.

आता शोधलेल्या जमिनीत वस्तू का राहून जातात ते पाहू. पहिले कारण खोलीचे. वस्तू लहान असेल तर अंतर वाढताच तिचा प्रतिसाद अतिशय झपाट्याने क्षीण होतो. वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने वस्तू खोल असेल, तर खोली दुप्पट होताच संकेत जवळजवळ चौसष्टांश उरतो. म्हणूनच साध्या यंत्राला एखादे नाणे वीतभर खोलीवर सापडते, हातभर खोलीवर सापडत नाही. मोठा हंडा मात्र त्याहून पुष्कळ खोल असला तरी कळतो. दुसरे कारण, जसजसे खोल जावे तसतसा यंत्राचा प्रभाव अरुंद होत जातो. वरवर पाहता यंत्र सगळ्या जमिनीवरून फिरलेले असते, पण दोन फेऱ्यांच्या मधल्या पट्ट्यात खाली पाचरीएवढी जागा न तपासलेली राहते. उभ्या पिकाच्या धसकटांमुळे यंत्र चार बोटे वर धरावे लागले, तर तेवढी खोली आणखी हातची जाते.

तिसरे कारण लोखंडाचे, आणि जुन्या वस्तीच्या जागी हेच कारण सर्वांत मोठे ठरते. एखाद्या गंजक्या खिळ्याशेजारी चांदीचे नाणे पडलेले असेल, तर खिळ्याचा आवाज नाण्याचा आवाज गिळून टाकतो. त्यातच पुष्कळ शोधक लोखंडाचे आवाज ऐकूच येऊ नयेत अशी यंत्राची मांडणी करून ठेवतात. कंटाळा वाचतो, पण खिळ्यांच्या गर्दीतील मौल्यवान वस्तूही त्याबरोबर सुटते. नाणे जमिनीत काठावर उभे असेल तर त्याचा संकेत कमकुवत येतो. म्हणून अनुभवी शोधक एकदा उत्तर-दक्षिण फिरलेले शेत दुसऱ्या वेळी पूर्व-पश्चिम फिरतात. पावसाने भिजलेली जमीन आणि उन्हाने फुटलेली जमीन यांत यंत्राचे बोलणे निरनिराळे असते. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडापासून बनलेल्या मातीत चुंबकीय खनिजे असतात. अशा मातीत मातीच यंत्राशी बोलू लागते व साधे यंत्र सहज फसते. म्हणून आपल्याकडे कोणी यंत्र फिरवून 'येथे काही नाही' असे सांगितले, तर त्या सांगण्याला फारसे वजन देऊ नये.

आणि शेवटचे कारण नांगराचे. शेतातील वरची वीतभर माती दरवर्षी उलटते. खालची वस्तू वर येते, वरची खाली जाते. जे शेत गेल्या वर्षी तपासले ते या वर्षी त्या अर्थाने तेच शेत नसते.

स्नेटिशॅमचे शेत

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात स्नेटिशॅम नावाचे गाव आहे. तेथील एका शेतात १९४८ साली लॅव्हेंडरच्या लागवडीसाठी नेहमीपेक्षा खोल नांगरट करण्यात आली. नांगराच्या फाळाला धातूचे एक वेडेवाकडे कडे अडकले. जुन्या पितळी पलंगाचा तुकडा असावा असे ठरवून ते बांधावर टाकून देण्यात आले. वस्तुतः ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, गळ्यात घालण्याची सोन्याची हासळी होती. १९५० साली त्याच शेतात आजच्या ब्रिटिश म्युझियममधील सुप्रसिद्ध मोठी हासळी मिळाली. चौसष्ट तारा, आठ-आठ तारांचे पीळ, आणि असे आठ पीळ पुन्हा एकमेकांत गुंफलेले. वजन एक किलोहून अधिक. आपल्याकडील सराफांनी हातात घेऊन पाहावी अशी ती वस्तू आहे. त्यानंतर १९६४, १९६८ आणि १९७३ साली तुरळक वस्तू मिळत राहिल्या व पुढे शांतता झाली. शेत संपले असे मानले गेले.

ऑगस्ट १९९० मध्ये एका हौशी शोधकाला त्याच शेतात यंत्राच्या साहाय्याने तुकड्यांचा एक मोठा साठा सापडला. त्याने तो रीतसर कळविला. त्या वर्षअखेरीस ब्रिटिश म्युझियमच्या तज्ज्ञांनी सबंध जागेवरील नांगरट-मातीचा थर काढून पाहणी केली, तेव्हा आणखी पाच साठे हाती आले. त्यांतील एका खड्ड्याची रचना फार बोलकी होती. वर उथळ खड्ड्यात चांदी व कांस्याच्या हासळ्या ठेवलेल्या. त्याखाली मातीचा थर. आणि त्या थराखाली दुसरा, लहान खड्डा, त्यात सोन्याच्या हासळ्या. वरचे धन काढून समाधानाने निघून जाणारा चोर खालच्या धनापर्यंत पोहोचू नये, अशीच ही योजना असावी असे काही अभ्यासक मानतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला, शोधणारा कोठे थांबतो याची चांगलीच कल्पना होती, असे म्हणावे लागेल.

स्टॅफर्डशायर : दुसऱ्या फेरीचे मोल

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. जुलै २००९ मध्ये स्टॅफर्डशायर परगण्यातील हॅमरविच गावाजवळ, जुन्या रोमन रस्त्यालगतच्या एका शेतात, अँग्लो-सॅक्सन काळातील सोन्याचांदीचा मोठा साठा यंत्राने शोधून काढण्यात आला. तलवारींच्या मुठींची आभूषणे, रत्नजडित पट्ट्या, शिरस्त्राणाचे तुकडे असा हा ऐवज. सोने सुमारे चार किलो. शासकीय मूल्यांकन समितीने त्याची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरविली. ती रक्कम शोधक आणि जमीनमालक यांच्यात वाटली गेली आणि साठा बर्मिंगहॅम व स्टोक-ऑन-ट्रेंट या शहरांच्या मालकीचा झाला. पुरातत्त्वज्ञांनी ती जागा तेव्हा उकरून पाहिली होती. २०१० साली पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा काही मिळाले नाही.

नोव्हेंबर २०१२ मध्ये ते शेत पुन्हा नांगरले गेले. पुरातत्त्वज्ञ आणि यंत्र चालविणारे निवडक स्वयंसेवक यांनी ते ओळीने धुंडाळले, तेव्हा ९१ वस्तू मिळाल्या. त्यांपैकी ८१ वस्तू त्याच साठ्यातील असल्याचा निर्णय जानेवारी २०१३ मध्ये चौकशीअंती देण्यात आला. या ८१ वस्तूंची किंमत ५७,३९५ पौंड झाली. पहिल्या शोधाच्या मानाने ही रक्कम काहीच नव्हे. परंतु या दुसऱ्या फेरीत शिरस्त्राणाच्या गालपट्टीचा एक तुकडा मिळाला आणि तो २००९ साली मिळालेल्या गालपट्टीची जोडी असावी असे दिसून आले. एका शिरस्त्राणाच्या दोन बाजू जुळू लागल्या. पुढे २०१८ साली त्या शिरस्त्राणाची प्रतिकृती सिद्ध झाली. सोनाराच्या तराजूत दुसरी फेरी हलकी ठरली. अभ्यासकाच्या तराजूत तसे म्हणता येत नाही.

यात आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दुसऱ्या फेरीला अर्थ आला तो पहिल्या फेरीची नोंद होती म्हणून. पहिला शोध कोठे लागला, किती मातीत, कोणत्या दिशेने वस्तू पसरल्या होत्या, हे कागदावर नसते तर २०१२ सालचा तुकडा हा केवळ सोन्याचा एक तुकडा राहिला असता.

ओळी आखून शोध

अमेरिकेतील मोंटाना राज्यात लिटल बिगहॉर्न येथे जून १८७६ मध्ये कस्टर या सेनाधिकाऱ्याची तुकडी सू, शायान आदी मूळ रहिवाशांशी झालेल्या लढाईत नष्ट झाली. शंभर वर्षे त्या भूमीवरून पर्यटक आणि संग्राहक काडतुसे उचलून नेत होते. ऑगस्ट १९८३ मध्ये वणवा लागला आणि गवत जळून जमीन उघडी पडली. १९८४ व १९८५ साली डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांच्या मार्गदर्शनाखाली धातुशोधक यंत्रे घेतलेल्या स्वयंसेवकांची ओळ सुमारे पाच-पाच मीटर अंतराने त्या भूमीवरून चालविण्यात आली. आवाज आला की निशाण रोवावयाचे, उकरावयाचे नाही. उकरणारे पथक मागून येई आणि प्रत्येक वस्तूची जागा मोजून लिहून घेई.

लुटलेल्या समजल्या गेलेल्या त्या माळावर हजारो वस्तू मिळाल्या. बंदुकीचा घोडा पडला की काडतुसाच्या बुडावर जी खूण उमटते, ती प्रत्येक बंदुकीची वेगळी असते. या खुणांवरून एकच बंदूक माळावर कोठून कोठे गेली हे नकाशावर रेषेने दाखविता आले. मूळ रहिवाशांच्या हाती किती विविध प्रकारच्या बंदुका होत्या, हेही प्रथमच पुराव्यानिशी दिसले. जुन्या संग्राहकांनी नेलेल्या काडतुसांचा येथे काही उपयोग झाला नाही, कारण ती कोठून उचलली हे कोणालाच ठाऊक नव्हते.

वॉनबरोचा धडा

या चित्राची दुसरी बाजू सांगितली नाही तर लेख अपुरा राहील. सरे परगण्यातील वॉनबरो येथे १९८३ च्या सुमारास यंत्रधारकांना प्राचीन नाणी मिळाली. पुढे एका खटल्याच्या निमित्ताने त्या जागेचे नाव उघड न्यायालयात उच्चारले गेले, आणि नंतर रात्रीमागून रात्री टोळ्या तेथे येऊन खणू लागल्या. हजारो नाणी बाहेर गेली. खाली एक रोमनकालीन मंदिर होते. १९८५-८६ मध्ये सरे पुरातत्त्व संस्थेने जे उरले होते ते घाईने उत्खनन करून वाचविले. १९९९ साली त्याच जागी पुन्हा उत्खनन झाले, तेव्हा आधीच्या काळातील वर्तुळाकार मंदिराचा पाया मिळाला. म्हणजे इतक्या लुटीनंतरही भूमीने काहीतरी राखून ठेवले होते. पण कोणते नाणे कोणत्या मंदिराला कोणत्या काळी वाहिलेले होते, हे आता सांगता यावयाचे नाही.

गुन्हेगारांना शिक्षा करणेही अवघड गेले. त्या वेळचा इंग्रजी कायदा, परत घेण्याच्या हेतूने पुरलेल्या धनालाच गुप्तधन म्हणे. देवाला वाहिलेले नाणे परत घेण्यासाठी कोणी ठेवीत नाही, मग ते गुप्तधन कसे? या पेचातून चळवळ उभी राहिली आणि १९९६ चा नवा कायदा झाला. तो सप्टेंबर १९९७ पासून अमलात आला. सोने-चांदी असलेली तीनशे वर्षांहून जुनी वस्तू मिळाल्यास ती चौदा दिवसांच्या आत कळविण्याचे बंधन आले व २०२३ साली या व्याख्येत आणखी भर पडली. इतर साध्या वस्तूंची स्वेच्छेने नोंद करून घेण्यासाठी १९९७ सालीच एक योजना सुरू झाली. तिच्यात आजवर १५ लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झालेली आहे. शिक्षेपेक्षा नोंद करून घेण्याची सोय अधिक फळली, असे या लेखकाचे मत झाले आहे.

आपल्याकडे

आपला कायदा याबाबतीत इंग्रजांच्या आजच्या कायद्याहून शतकाने जुना आहे. १८७८ च्या भारतीय गुप्तधन अधिनियमान्वये जमिनीत दडलेली कोणतीही मौल्यवान वस्तू गुप्तधन होय. तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना शक्य तितक्या लवकर लेखी सूचना द्यावयाची असते. सूचनेत वस्तूचे स्वरूप व अंदाजे किंमत, सापडल्याची जागा आणि तारीख या गोष्टी हव्यात. धन जवळच्या शासकीय कोषागारात जमा करावे किंवा मागितल्यावर हजर करण्याची हमी द्यावी. सूचना न देणाऱ्याचा हिस्सा शासनजमा होतो व त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. धन बेवारशी ठरले आणि जमीनमालकाशी अन्य करार नसेल, तर तीन-चतुर्थांश सापडणाऱ्याला व एक-चतुर्थांश जमीनमालकाला मिळण्याची तरतूद आहे. शासनाला वस्तू हवी असल्यास धातूची किंमत व तिचा पाचवा हिस्सा अधिक देऊन ती घेता येते. सापडणाऱ्याचा हक्क कायदा मान्य करतो, हे गावोगावी ठाऊक नाही. 'सरकार सगळे घेऊन जाईल' या भीतीने मोहोरा रातोरात आटवल्या जातात.

सापडणे वेगळे आणि पुरातन वस्तूंसाठी उत्खनन करणे वेगळे, हेही लक्षात ठेवावयास हवे. १९५८ च्या केंद्रीय अधिनियमानुसार असंरक्षित जागीही पुरातत्त्वीय उत्खनन राज्य शासनालासुद्धा केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून करता येत नाही; मग यंत्र विकत घेतलेल्या हौशी माणसाची गोष्टच सोडा. गुप्तधनाच्या नावाखाली चालणाऱ्या अघोरी प्रकारांना तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याने शिक्षा ठेवलेली आहे.

शोधून झालेल्या जागेचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण दायमाबादचे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी ही जागा आहे. बा. पां. बोपर्डीकर यांनी ती १९५८ साली उजेडात आणली आणि म. न. देशपांडे यांनी १९५८-५९ मध्ये तेथे उत्खनन केले. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९७४ साली, एक भिल्ल शेतकरी झाडाचे मूळ खणत असता चार कांस्यमूर्ती बाहेर आल्या : बैलजोडी जुंपलेला रथ व त्यातील सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन साठ किलोहून अधिक. उत्खनन होऊन गेलेल्या त्या जागेत हे सारे तोवर पडून होते. मूर्ती वाचल्या, त्याचे श्रेय त्या शेतकऱ्याकडे व त्या वेळी वेळीच हालचाल करणाऱ्यांकडे जाते. मग १९७४-७५ मध्ये शि. रं. राव यांनी आणि १९७५ ते १९७९ या काळात शां. अ. साळी यांनी पुन्हा उत्खनने केली. त्यांतून सावळदा संस्कृतीपासून जोर्वे संस्कृतीपर्यंतचा क्रम उलगडला. परंतु मूर्ती स्वतः उत्खननाच्या थरांत सापडल्या नव्हत्या. म्हणून त्या नेमक्या केव्हाच्या, याविषयी विद्वानांत मतभेद राहिले.

हा मतभेद ज्या चार-दोन मापांनी कमी झाला असता, ती मापे घेण्यास पुरातत्त्वज्ञच लागतो असे नाही. ग्रामसेवक, तलाठी किंवा शाळेचे मुख्याध्यापक प्रथम पोहोचले, तर त्यांनी खणणे थांबवावे व खड्डा बुजवू नये. जमिनीच्या पृष्ठभागापासून वस्तू किती खोल होती हे टेपने मोजावे. वस्तूभोवतीच्या मातीचा रंग, राख, खापरे, हाडे यांची नोंद घ्यावी. जवळचे कायमचे ठिकाण, म्हणजे विहिरीचा काठ, देवळाचा कोपरा, सीमेचा दगड, यांपासून अंतर लिहावे आणि आता हाती असलेल्या भ्रमणध्वनीवर पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नये. निघालेली माती शेतात पसरू न देता खड्ड्याशेजारी निराळी ठेवावी, कारण लहान तुकडे तिच्यातच असतात. जागेचे नाव वर्तमानपत्राला देण्याची घाई करू नये. पंचनाम्याची एक प्रत तहसील कार्यालयात जातेच. दुसरी ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावी, आणि तिच्यावर गट क्रमांक घालण्यास विसरू नये.